५२ सेकंदांचा धडा

डिसेंबरातला शनिवार होता. सकाळची शाळा सुटायला पंधरा-वीस मिनिटं उरली होती. मुलं पाढे म्हणत होती आणि मी हजेरीची बेरीज करत होते. दारात एक आजी येऊन उभ्या राहिल्या. चपला बाहेर काढलेल्या, पदराचं टोक मुठीत. "या ना आजी, आत या," म्हटलं तरी उंबरा ओलांडला नाही. तिथूनच म्हणाल्या, "मॅडम, आमच्या पोराचा आवाज हाय म्हणं तुमच्या फोनात. त्यानंच सांगितलं जाताना. एक डाव लावा की. ऐकते आन् जाते." मग पदराची गाठ सोडून चार पिकली बोरं दाराजवळच्या मुलीच्या हातात दिली, मॅडमला दे म्हणून.

त्यांचा नातू माझ्या तिसरीच्या वर्गात. दिवाळीच्या आधीच आई-बापाबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेला. जायच्या आदल्या आठवड्यात त्यानं माझ्या फोनसमोर बसून एक उतारा वाचला होता. ५२ सेकंद. जूनमध्ये हाच मुलगा शब्दाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवून गप्प बसायचा, जोडाक्षर आलं की खिडकीबाहेर बघायचा. ऑक्टोबरात त्यानं अख्खा उतारा म्हटला, मधे फक्त एकदा श्वास घ्यायला थांबला. त्याला मी तो आवाज ऐकवला, तेव्हा त्यानं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यो मीच हाय का?" चार वेळा लावायला लावला. ते ध्वनिमुद्रण आदल्या संध्याकाळपर्यंत माझ्या फोनमध्ये होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी ते पुसलं. फोन दोन दिवसांपासून जागा नाही, जागा नाही म्हणत होता, दुपारच्या खिचडीचा फोटो निघेना आणि तो फोटो त्याच दिवशी पाठवायचा होता. एस. टी.ची वाट बघत फाट्यावर उभी असताना मी फोनच्या यादीत वरून खाली गेले आणि ज्याचा कुठल्याही माहितीशी, कुठल्याही तक्त्याशी संबंध नाही ते सगळं निवडलं. 'ऑडिओ' असं लिहिलेली सगळी रांग. रीसायकल बिनसुद्धा रिकामी केली, म्हणजे खरंच जागा व्हावी म्हणून.

आजी दारात उभ्या होत्या. मी म्हणाले, "आजी, फोनची बॅटरी उतरलीय. सोमवारी या, नक्की ऐकवते."

बॅटरी ६४ टक्के होती.

रविवारभर ते माझ्या मनातून जाईना. बोरं मी घरी आणली होती, ती पोरांनी खाल्ली, मला एकही घेववलं नाही. मग बसून हिशोब केला. २८ मुलं, जूनपासूनचे पाच महिने, प्रत्येकाचं साधारण मिनिटभराचं वाचन. माझ्या फोनचा रेकॉर्डर मिनिटाला एक एमबीच्या आसपास जागा घेतो. म्हणजे सगळ्या वर्गाचे सगळे आवाज मिळून दीडशे एमबीसुद्धा भरत नव्हते. आणि त्याच फोनमधला एक फोटो चार-पाच एमबीचा. भाताचा फोटो, वरणाचा फोटो, हात धुवायच्या रांगेचा फोटो, झाडाला पाणी घालतानाचा फोटो, आणि तोच फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर परत आला की त्याची दुसरी प्रत. तीस-पस्तीस फोटोंच्या जागेत माझा अख्खा वर्ग मावत होता. फोटो पुन्हा काढता आले असते. जूनमधला तो मुलगा पुन्हा कुठून आणणार होते?

मी तिसरी-चौथीत होते तेव्हा आमच्या शाळेत एक मोठी पत्र्याची पेटी आली होती. प्राथमिक शाळांना साहित्य देणारी सरकारची खडू-फळा योजना, १९८७ नंतरचा तो काळ. पेटीत पृथ्वीचा गोल होता, नकाशे होते, भिंगं होती, चुंबक होतं, वाद्यं होती. मला हे ठाऊक आहे कारण पेटी उघडली त्या दिवशी गुरुजींनी एकेक वस्तू बाहेर काढून डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, लावली आणि आम्ही दारातून ते बघितलं. मग वस्तू परत पेटीत, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. आमच्या गुरुजींचं मन मोठं होतं, शिकवायचेही जीव ओतून. पण भिंग फुटलं तर त्यांच्या पगारातून कापलं जाईल ही भीती खरी होती. भिंगातून मुंगी बघायची माझी हौस डी. एड.ला गेल्यावर फिटली. नंतर कधीतरी टीव्ही आला. पुण्याला १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली होती, तिचे कार्यक्रम मुलांनी बघावेत म्हणून. त्या टीव्हीवर गुरुजींच्या मंडळींनी विणलेला क्रोशाचा रुमाल होता. तो रुमाल मला आजही टाक्यांसकट आठवतो. पडद्यावर काय लागलं होतं ते मात्र एकदाच आठवतं: एक माणूस कागदाचा पक्षी करत होता, शेवटची घडी राहिली आणि वीज गेली. मी घरी येऊन वहीच्या कागदावर ती शेवटची घडी कितीतरी दिवस शोधत होते.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि रजिस्टर माझ्या हातात आलं. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाची लाट आली तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव प्रत्येक शिक्षण परिषदेत निघायचं. आदिवासी पाड्यावरची शाळा डिजिटल होते तर आपली का नाही, या एका प्रश्नानं आम्ही पेटलो होतो. गावात फिरून लोकवर्गणी गोळा केली. ऊस तोडून आलेल्या माणसांनी उचलीतले पैसे दिले, एका बाईनं अंडी विकून आलेले पन्नास रुपये आणून दिले. प्रोजेक्टर आला, पडदा आला, स्पीकर आले. पहिल्या दिवशी समुद्र दाखवला तेव्हा पुढच्या ओळीतल्या पोरांनी पाय वर घेतले. तो दिवस मी कधीच विसरणार नाही, आणि ते पैसे वाया गेले असं मला कोणी म्हटलेलं सहनही होत नाही. पण प्रोजेक्टरचा दिवा गेला तो उन्हाळ्यात. इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांनी फुगली. तो सगळा संच आज कपाटात आहे, डेडस्टॉकला नोंद आहे, किल्ली माझ्याकडे आहे. गुरुजींची ती भीती मला या वयात समजली.

मुलांचा आवाज भरून घ्यायची सवय मला लागली ती २०२०च्या टाळेबंदीत. शाळा बंद, आणि आमच्या गावात रेंज म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढलं तर. व्हिडिओ पोचायचे नाहीत. मिनिटभराची व्हॉइस नोट मात्र साधारण दोनशे केबीच्या आतबाहेर असते, ती अडखळत का होईना जाते. मी सकाळी एक गोष्ट किंवा कविता बोलून पाठवायची, मुलं रात्री वडील घरी आले की त्यांच्या फोनवरून म्हणून पाठवायची. रात्री नऊ-साडेनऊला एकेक आवाज यायला लागायचा. मागे शेळी ओरडतेय, कुणाच्या घरी भाकरी थापल्याचा आवाज, कुणाची आई हळूच पुढचा शब्द सांगतेय. अंधारात पडल्या पडल्या ते ऐकताना माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की यातल्या कितीतरी मुलांचा आवाज मी यापूर्वी एकटा असा ऐकलेलाच नव्हता. वर्गात आपण म्हणतो, मुलं मागून म्हणतात. सगळा वर्ग एका सुरात धडा वाचतो, खिडकीचे गजसुद्धा थरथरतात, आणि त्या मोठ्या आवाजाच्या मागे पाच-सहा जण नुसते ओठ हलवत बसलेले असतात. एका मुलीला मी दोन वर्षं हुशार समजत होते. तिला कविता तोंडपाठ होत्या, अक्षरं येत नव्हती. ते मला तिच्या व्हॉइस नोटमधून कळलं, कारण पान उलटल्याचा आवाज येतच नव्हता.

शाळा उघडल्यावर मी ते चालूच ठेवलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीनंतर एकेका मुलाला लिंबाखाली बोलवायचं. पुस्तकातला नव्हे, पण त्याच तोडीचा न वाचलेला उतारा. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर नेमका कुणाचा तरी फोन येतो आणि मूल दचकतं, आणि एकदा दचकलेलं मूल त्या दिवशी पुन्हा वाचत नाही. फोन हातात धरायचा नाही. तो मुलाच्या तोंडापासून वीतभर लांब, घडी केलेल्या रुमालावर ठेवायचा. बाकावर नुसता ठेवला की पायाचा धक्कासुद्धा त्यात येतो. हात आपल्या मांडीवर. चुकलं तरी मधे बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड, माझ्या जिभेवर शब्द येऊन थांबतो. मग लगेच त्याला ऐकवायचं, आणि विचारायचं, कसं वाटलं? मुलं स्वतःची चूक स्वतः पकडतात. "मॅडम, मी 'प्रवास'चं 'परवास' म्हणलो," असं ते मूल आपण होऊन सांगतं, आणि पुन्हा वाचू का म्हणून विचारतं. हजेरी क्रमांक आणि महिना एवढंच नाव फाइलला द्यायचं. हा आवाज कुठल्याही गटावर टाकायचा नाही, कितीही सुंदर वाचलेलं असो. ते त्या मुलाचं आणि त्याच्या घरच्यांचं. वाचनाचं एक ॲपही मी वापरून पाहिलं, मुलं तारे मिळवायला धावायची. पण आमच्याकडची मुलं 'आणि'ला 'आनि' म्हणतात, आणि अर्थ नीट कळलेल्या मुलालाही ते ॲप पुन्हा पुन्हा मागे पाठवायचं. माझ्या मांडीशी बसलेलं मूल चुकीचं वाचतंय की आमच्या गावचं वाचतंय, हे मला कळतं.

मागे एका शिक्षण परिषदेत नव्यानं रुजू झालेल्या एका सरांनी चहाच्या वेळी विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही वर्गात काय काय वापरता, ॲपची नावं द्या ना." मी त्यांना बसून सांगितलं, कारण त्यांना खरंच हवं होतं. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड मी वापरते. हे कोड पुढे आणणाऱ्या, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना डिसेंबर २०२०मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा आमच्या केंद्रातला प्रत्येक शिक्षक आपल्याच घरी काही झाल्यासारखा हरखला होता. त्या कोडचं वर्गातलं खरं काम मात्र आदल्या रात्री असतं. सकाळी वर्गात रेंज शोधत फिरलं की मुलं हातातून जातात. म्हणून रात्री 'दीक्षा' या सरकारी ॲपवरून हवा तेवढा भाग उतरवून घ्यायचा आणि स्वतः एकदा पूर्ण बघायचा; सहा मिनिटांतलं दीड मिनिटच आपल्या कामाचं असतं, तेवढंच दाखवायचं आणि फोन खिशात. विज्ञानासाठी 'फेट'ची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, आहेत, कोलोरॅडो विद्यापीठाची, त्यातली मराठीतूनही मिळतात आणि उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही.

मग त्यांना मी 'प्लिकर्स'ची कार्डं दाखवली. कागदावर काळी चौकट-चौकट नक्षी, प्रत्येक मुलाची वेगळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. ज्या उत्तराची बाजू वर, ते त्याचं उत्तर. मुलं कार्डं धरतात, मी माझा एकच फोन वर्गावरून फिरवते आणि कुणाचं काय उत्तर ते मला दिसतं. मुलांकडे काहीही असायला लागत नाही. मी पहिल्यांदा कार्डं हौसेनं लॅमिनेट करून आणली आणि खिडकीतलं ऊन त्यावर असं चमकलं की फोनला काही दिसेना. दुसरी प्रत साध्या कागदावर काढली आणि लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवली, ती चार वर्षं टिकलीय. ती कार्डं मला आवडतात याचं कारण वेगळं आहे. शेजारच्याला आपलं उत्तर कळत नाही. हात वर करायला घाबरणारं मूल कार्ड मात्र बिनधास्त वर धरतं. पहिल्या दिवशी ज्याच्याकडून मी कधी काही अपेक्षाच केली नव्हती त्याची पाचपैकी पाच बरोबर आली, आणि मी ती यादी दोनदा तपासली. दोनदा का तपासली, याचं मला अजून वाईट वाटतं.

सरांनी सगळं वहीत लिहून घेतलं. शेवटी मी म्हणाले, आणि सगळ्यात आधी फोनमधला रेकॉर्डर. त्यांनी पेन थांबवलं, बहुधा मोठ्या नावाची वाट बघत असावेत.

तेव्हा मी एवढ्या ठामपणे बोलले होते, आणि त्या शुक्रवारी फाट्यावर जागा करायची वेळ आली तेव्हा पहिलं बोट तिथेच गेलं. हेच मला रविवारी आत कुठेतरी टोचत होतं. जे मागितलं जातं ते जपायची आपल्या हाताला सवय झालेली असते. पोषण आहाराचा तक्ता मागितला जातो, यू-डायस, म्हणजे शाळेची सगळी आकडेवारी, मागितलं जातं, आधार जुळलं की नाही ते मागितलं जातं. त्या मुलानं जोडाक्षर ओलांडलं का, हे वरून कुणी ऐकायला मागितलं नव्हतं. मागायला आल्या त्या आजी, बोरं घेऊन.

आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला वर्ग पातळ होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि मग पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, थेट मार्च-एप्रिलपर्यंत. मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, म्हणजे आजी-आजोबांकडे राहून दोन वेळचं जेवण आणि शाळा दोन्ही चालतं. या मुलाचं नाव मी तिथे घातलं होतं. पण त्याची धाकटी बहीण दीड वर्षाची. आई उसाच्या फडात असताना कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, तिच्याजवळ कुणीतरी हवं. मी त्याच्या हातात शिक्षण हमी पत्रक दिलं, तिकडच्या शाळेनं बसवून घ्यावं म्हणून, आणि पुस्तक दप्तरात राहील याची काळजी घेतली. त्याला आठ वर्षं पूर्ण व्हायची आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या यांच्या मधे तो बसला होता आणि बहिणीला त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं.

सोमवारी आजी परिपाठाच्या आधीच आल्या. या वेळी मी बाहेर गेले, त्यांच्याबरोबर पायरीवर बसले आणि खरं सांगितलं. बॅटरी उतरली नव्हती. आवाज माझ्याच हातून पुसला गेला. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"पुसला म्हंजी? पाटीवरल्यावाणी?"

"हो आजी."

"मग पुन्यांदा लिवा की."

मला क्षणभर काही सुचलं नाही. मग मी मुलाच्या वडिलांचा नंबर काढला, फोन रुमालाच्या घडीवर ठेवला आणि त्यांना म्हटलं, बोला, तो ऐकेल. आजी आधी नुसत्याच फोनकडे बघत बसल्या. पंधरा-वीस सेकंद वाऱ्याचा आवाजच गेला असेल. मग एकदम मोठ्यानं, नदीपलीकडे हाक मारावी तसं बोलल्या: शेरडीला दोन पिल्लं झालीत, एक निजतं एक उड्या मारतं, तू पानी उकळून पी, बहिनीला चुलीपाशी जाऊ देऊ नकोस, आन् मॅडमचा धडा म्हणून पाठीव, त्यांच्याकडला पुसलाय. मी ते पाठवलं. एक टिक. संध्याकाळी टाकीवर चढले तेव्हा दोन. चौथ्या दिवशी, मुलं प्रार्थनेला उभी असताना, त्या संदेशावरचं माईकचं चिन्ह निळं झालेलं दिसलं. म्हणजे ऐकलं होतं कुणीतरी.

त्या आठवड्यात मी एक पेन ड्राइव्ह घेतला, फोनला सरळ लागतो तसला. आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळे आवाज त्यात उतरतात, दुसरी प्रत शाळेच्या जुन्या संगणकात, आणि प्रत्येक मुलाचं वाचन त्याच्या आई-वडिलांच्या फोनवरही जातं, फक्त त्यांच्याच. गटांवरून येणारे फोटो आपोआप साठू नयेत ही सोय सेटिंगमध्ये होतीच, ती मी आजवर केली नव्हती. जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचे २८ मुलांचे आवाज मात्र गेले ते गेले. अजून 'र' नीट न म्हणता येणाऱ्या दोन मुली त्यात होत्या. आता त्यांचा 'र' सुधारलाय.

उत्तर आलं नवव्या दिवशी. ३८ सेकंद. मी ते आधी ऐकलं नाही, दुपारच्या सुट्टीत पोरीला पाठवून आजींना बोलावून घेतलं. त्या पायरीवर बसल्या आणि मी फोन त्यांच्या हातात दिला. ट्रॅक्टरचा धडधडाट, कुणीतरी लांबून ओरडतंय, बहीण रडतेय, आणि मग तो. आधी विचारलं, उड्या मारणारं पिल्लू कोणत्या रंगाचं हाय. मग काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज, पान उलटल्याचा आवाज, आणि त्यानं वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात ट्रॅक्टर जवळ आला आणि सगळं त्यात बुडालं. आजींनी फोन कानाला उलटा धरला होता. मी तो सरळ केला नाही, त्यांना ऐकू येत होतं.